शोलेची बदलती चौकट

‘शोले’त एक लहानसा प्रसंग आहे. ठाकूरच्या हवेलीच्या सज्जात राधा कंदिलांपाशी आहे आणि समोर जय माउथ ऑर्गन वाजवत बसला आहे. संवाद एकही नाही. दिग्दर्शक रमेश सिप्पी आणि छायालेखक द्वारका दिवेचा यांना या प्रसंगासाठी दिवस मावळतानाचा एक विशिष्ट उजेड हवा होता. तो उजेड दिवसाकाठी जेमतेम दोन मिनिटं मिळायचा. पडद्यावर बघता बघता सरणाऱ्या या प्रसंगाच्या चित्रीकरणाला त्यामुळे वीस दिवस लागले.

‘शोले’ची कुठलीही प्रत हातात आली की मी आधी हाच प्रसंग लावून बघतो. संधिप्रकाश, त्यात विधवेची पांढरी साडी आणि कंदिलाची पिवळी ज्योत या तीन गोष्टी एकाच चौकटीत नीट दिसायला फार चांगली प्रत लागते. पांढरा सांभाळावा तर सावल्या काळ्याठिक्कर होतात. सावल्या उजळाव्यात तर काळोखावर राखाडी साय धरते. रंगात जरा गडबड झाली, तर ज्योत आणि भिंत एकाच पिवळ्यात बुडतात. गेल्या पन्नास वर्षांत हा चित्रपट घराघरांत पोचला तो ध्वनिमुद्रिका, कॅसेट, व्हीसीडी, डीव्हीडी असे वेश बदलत. या प्रवासात चित्र सुधारत गेलं, असं आपण सहज धरून चालतो. ‘शोले’चा इतिहास नीट पाहिला तर मामला इतका सरळ नाही.

सुरुवात कॅमेऱ्यापासूनच करायला हवी. ‘शोले’ची ख्याती ७० मिमीचा, स्टिरिओफोनिक आवाजाचा चित्रपट अशी. पण ७० मिमीचे कॅमेरे फार महाग पडत. म्हणून रामनगरच्या खडकांत, कलादिग्दर्शक राम येडेकरांनी उभ्या केलेल्या रामगढ गावात आणि पनवेलजवळ मुंबई-पुणे लोहमार्गावर सात आठवडे चाललेल्या रेल्वेच्या प्रसंगात चित्रीकरण झालं ते नेहमीच्या ३५ मिमी फिल्मवर. तिची चौकट जवळपास चौकोनी, चार बाय तीनची. ७० मिमीचा पडदा २.२ बाय १ असा आडवा पसरलेला. तेव्हा मधला पट्टा घेऊन तो मोठा करायचा आणि वरचा-खालचा भाग सोडून द्यायचा, असं ठरलं. हिशेब केला तर चौकटीच्या उंचीचा जवळपास चाळीस टक्के भाग बाद होतो.

हे काम अंदाजाने झालेलं नाही. दिवेचांचे पहिले सहायक होते कमलाकर राव. त्यांनी पुढे सांगितलं की कॅमेऱ्याच्या ग्राउंड ग्लासवर ३५ आणि ७० मिमी अशा दोन्ही चौकटींच्या खुणा होत्या. म्हणजे कॅमेऱ्यातून बघताना दिवेचांना दोन्ही चित्रं एकदम दिसत होती. कुणाचं डोकं कुठे यावं, खडकाची कड कुठे कापली जावी, हे सगळं आतल्या आडव्या चौकटीच्या हिशेबाने लावलेलं होतं. बाहेरची चौकट फिल्मवर उमटत होती खरी, पण चित्र रचलं जात होतं ते आतल्या चौकटीसाठी. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातून निघतो.

७० मिमीच्या प्रिंटा लंडनमध्ये तयार झाल्या. त्या मुंबईत आल्या आणि सीमाशुल्कात अडकल्या. त्यामुळे मिनर्व्हा थिएटरातल्या पहिल्या खास खेळाला ३५ मिमीची प्रिंट लावावी लागली. १५ ऑगस्ट १९७५ ला चित्रपट प्रदर्शित झाला आणि मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. जयने उडवलेलं नाणं खुर्च्यांखाली पडलं असं वाटून लोक वाकून बघायचे, असं त्या वेळचे प्रेक्षक सांगत. ज्या थिएटरांत ७० मिमीची सोय नव्हती तिथे ३५ मिमीच्या प्रिंटा गेल्या. एकाच वर्षी, एकाच राज्यात दोन प्रेक्षकांनी वेगवेगळ्या आकाराचा आणि आवाजाचा ‘शोले’ पाहिला आणि दोघांसाठीही तो ‘शोले’च होता.

आकाराबरोबर शेवटाचाही घोळ होता. सिप्पींनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी डाकू गब्बरला ठार करतो. चित्रपट तयार झाला तेव्हा आणीबाणी लागू झालेली होती. माजी पोलिस अधिकाऱ्याने कायदा हातात घेऊन सूड उगवावा, हे सेन्सॉरला मान्य होईना. शेवट पुन्हा चित्रित झाला. ऐन क्षणी पोलिस येतात, ठाकूरला थांबवतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात जातो. इमामसाहेबांच्या मुलाच्या, अहमदच्या हत्येलाही कात्री लागली. ती भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांची. थिएटरात लोकांना दिसलं ते एवढंच, की गब्बर हातावर चालणारी मुंगी चिरडतो आणि मग घोड्यावरून अहमदचं प्रेत गावात येतं. प्रदर्शित झालेला चित्रपट १९८ मिनिटांचा, मूळ बांधणी २०४ मिनिटांची.

ही बांधणी करणारे संकलक म्हणजे मा. स. शिंदे. ‘शोले’ला त्या वर्षी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला, तो त्यांच्या संकलनाला. कॅसेट आणि चकत्यांच्या इतिहासात या माणसाचं काम सर्वांत जास्त विस्कटलं, म्हणून त्यांचं नाव इथे मुद्दाम घेतो.

‘शोले’ घरात आला तो आधी आवाजाच्या रूपात. पॉलिडोरने चित्रपटातल्या संवादांची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती तुफान खपली. हॉटेलांत, लग्नाच्या मांडवांत, गणपतीच्या लाउडस्पीकरवर गब्बर बोलू लागला. चित्र प्रत्येकाने आपापल्या आठवणीतून जोडायचं. ज्याने मिनर्व्हात पाहिला असेल त्याचा रामगढ मोठा, आणि ज्याने तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये झिजलेल्या प्रिंटवर पाहिला त्याचा रेघांचा आणि उड्या मारणारा. पण आवाज सगळ्यांचा सारखा. एखादा चित्रपट त्याच्या चित्राविना इतका घरोघरी पोचल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आलं. आखातातून, सिंगापुरातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून व्हीसीआर येऊ लागले. पाठोपाठ गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या. टीव्ही आणि व्हीसीआर रात्रीपुरते भाड्याने आणायचे आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट संपवायचे, हा वाड्यांमधला आणि चाळींमधला उत्सवच होता. गणेशोत्सवात रस्त्यावर पांढरं कापड बांधून दाखवल्या जाणाऱ्या १६ मिमीच्या चित्रपटांची जागा हळूहळू या पेटीने घेतली. त्या कापडाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. मागच्या बाजूच्यांना चित्र उलटं दिसे आणि नावांच्या पाट्या आरशात धरल्यासारख्या. तरी ते चित्र फिल्ममधून थेट पडलेल्या उजेडाचं होतं. कॅसेटवरचं चित्र विजेच्या लहरींतून पुन्हा जुळवलेलं होतं.

व्हीएचएस कॅसेटवर एका ओळीत साधारण २४० रेघांइतका बारकावा मावतो, आणि तोही काळ्या-पांढऱ्याचा. रंगांसाठी त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच जागा उरते. म्हणून कॅसेटवर लाल रंग आपल्या हद्दीत राहत नाही, कपड्याच्या कडेबाहेर सांडतो. बसंतीचे भडक घागरे आणि होळीचं गाणं आठवा. या चित्रपटात लाल काही कमी नाही. त्यात लायब्ररीतली कॅसेट बहुतेक वेळा नकलेची नक्कल असे. व्हीएचएसवरून व्हीएचएसवर उतरवताना प्रत्येक पिढीत चित्र मऊ होतं, रंग आणखी विरघळतो आणि पडद्याच्या खालच्या कडेला चित्र फाटल्यासारखं सरकतं. कंदिलाच्या प्रसंगात मग राहतात काळ्या पार्श्वभूमीवरचे दोन पिवळे डाग आणि माउथ ऑर्गन.

लांबीचीही पंचाईत होती. लायब्रऱ्यांत सगळ्यात प्रचलित कॅसेट १८० मिनिटांची. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं लागतात आणि चित्रपट चित्रित होतो २४ चित्रांनी. सोपा उपाय म्हणून चित्रपट तेवढ्या वेगाने पळवतात, म्हणजे चार टक्के जलद. आवाजही किंचित चढतो. या हिशेबाने १९८ मिनिटांचा ‘शोले’ १९० मिनिटांत संपतो, आणि तरीही तो १८० मिनिटांच्या पट्टीवर मावत नाही. मग लांब पट्टीची पातळ कॅसेट घ्यायची किंवा काहीतरी गाळायचं. गाळायची पाळी आली की पहिला बळी गाण्याचा जाई.

याच हिशेबातून आणखी एक गफलत होते. न कापलेला, २०४ मिनिटांचा ‘शोले’ पाल कॅसेटवर १९६ मिनिटं भरतो. चित्रपटगृहातला, कापलेला १९८ मिनिटांचा. खोक्यावरचे नुसते आकडे बघणाऱ्याला पूर्ण चित्रपट अपुरा आणि अपुरा चित्रपट पूर्ण वाटेल. दोन प्रतींची तुलना करणाऱ्याने घड्याळावर विसंबू नये, एकेक प्रसंग ताडून बघावा.

असा न कापलेला ‘शोले’ खरोखरच कॅसेटवर आला. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएसवर मूळ शेवट होता. ठाकूर गब्बरला मारतो, आणि सूड पुरा झाल्यावर त्याच्याजवळ काहीच उरत नाही. पंधरा वर्षं भारतातल्या कुठल्याही पडद्यावर नसलेला हा शेवट परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या दिवाणखान्यात पोचला, आणि तिथून नकलांच्या नकला होत इथेही आला असणार. चित्राच्या दर्जाने बघितलं तर व्हीएचएस हे सगळ्यांत हलकं माध्यम. पण चित्रपटाचा खरा शेवट पंधरा वर्षांनी त्यानेच प्रेक्षकांसमोर आणला. कॅसेटला नावं ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला फार वाटतं.

या न कापलेल्या प्रतीत चौकट होती फिल्मवरची, पूर्ण, चार बाय तीन. दूरदर्शन संचही त्याच आकाराचा असल्यामुळे पडदा काठोकाठ भरत होता. बघणाऱ्याला वाटावं, थिएटरपेक्षा इथे जास्तच दिसतंय. आणि मोजायचं झालं तर खरंच जास्त दिसत होतं. डोक्यावर आकाश आणि पायाखाली जमीन. पण दिवेचांनी आतल्या चौकटीसाठी बांधलेलं चित्र बाहेरच्या चौकटीत सैल पडतं. गब्बर खडकांवर येरझाऱ्या घालतो, त्याचा पट्टा दगडावरून घासत जातो. आडव्या चौकटीत तो माणूस दोन्ही कडांमध्ये कोंडलेला वाटतो आणि त्याचा पुढचा पाय कुठे पडेल याची धास्ती बसते. उभ्या चौकटीत त्याच्या डोक्यावर इतकं रिकामं आकाश येतं की तो लहान होतो. जास्त चित्र म्हणजे चांगलं चित्र, हे मला मान्य नाही. ज्या खुणा पाहून चौकट लावली गेली, त्या खुणांच्या आतला ‘शोले’ हाच ‘शोले’, असं माझं ठाम मत आहे. ३५ मिमीवर मोठी झालेली माणसं याला हरकत घेतील. त्यांची आठवण खोटी म्हणायची माझी इच्छा नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. तिच्यावर मी फार शब्द खर्च करणार नाही. पालमध्ये ३५२ बाय २८८ ठिपके आणि एका चकतीवर ७४ मिनिटं. म्हणजे ‘शोले’ला तीन चकत्या, आणि कथा ऐन रंगात असताना उठून चकती बदलणं. आडवी चौकट काळ्या पट्ट्या देऊन दाखवायची म्हटलं तर २८८ ओळींपैकी चित्राच्या वाट्याला येतात अवघ्या १७५. कॅसेटचं चित्र निदान मऊपणे बिघडतं, व्हीसीडीचं चौकोनी तुकड्यांत फुटतं. मंद प्रकाश हळूहळू अंधारात उतरत जातो तिथे तर हमखास. कंदिलाच्या प्रसंगात आकाशाच्या पायऱ्या होतात. धुरळा उडाला, घोडे धावले की चित्र विटांचं होतं. पण पट्टी अडकण्याची आणि झिजण्याची भानगड नव्हती आणि किंमत खाली येत गेली. २००७ च्या सुमारास मोजर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा चित्रपट भाड्याने आणण्यात अर्थच उरला नाही. लायब्रऱ्यांची शटरं एकामागून एक खाली आली.

डीव्हीडीने पहिल्यांदाच घरातल्या प्रेक्षकाला ‘छान’ म्हणण्यासारखं चित्र दिलं. ७२० बाय ५७६ ठिपके, म्हणजे व्हीसीडीच्या चौपट, आणि रंगांना बऱ्यापैकी शिस्त. ‘शोले’च्या बाबतीत मात्र या डीव्हीडीच्या काळातच एक विचित्र पेच उभा राहिला. इरॉस कंपनीने दोन आवृत्त्या काढल्या. एक दिग्दर्शकाची, २०४ मिनिटांची, मूळ शेवट असलेली, पण चित्र पूर्ण उभ्या चौकटीचं. दुसरी चित्रपटगृहातली, १९८ मिनिटांची, आडव्या चौकटीची, पण शेवट सेन्सॉरने बदलायला लावलेला. खरा शेवट हवा असेल तर चौकट सोडायची, चौकट हवी असेल तर शेवट सोडायचा. दिवेचांचं काम एका चकतीवर आणि शिंद्यांचं दुसऱ्या चकतीवर. दोन्ही विकत घेऊन शेजारी ठेवल्या तरी त्यातून एक ‘शोले’ होत नव्हता.

त्या काळात जुन्या हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडी बघताना आणखी काही दुखणी वारंवार दिसत. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, तेही चित्रातच छापलेलं. पाल पद्धतीने उतरवलेलं चित्र अमेरिकी एनटीएससीत बदलताना एका चौकटीची सावली दुसरीवर पडलेली, त्यामुळे हात हलला की दोन हात दिसायचे. आणि सर्वांत मोठं दुखणं म्हणजे फिल्मचा कण घासून काढण्याची हौस. फिल्मवरचं चित्र चांदीच्या आणि रंगाच्या बारीक कणांनीच बनलेलं असतं. तो कण म्हणजे वर बसलेली धूळ नव्हे. तो यंत्राने पुसला की चेहऱ्यावरची रंध्रं, कपड्याचा पोत, खडकाचा खरखरीतपणा सगळं त्याच्याबरोबर जातं. मग उणीव भरायला कडा कृत्रिमपणे धारदार करायच्या, आणि माणसांभोवती पांढरी रेघ उमटते. ठाकूर झालेल्या संजीव कुमारच्या चेहऱ्यावरचं सगळं काम बारीक हालचालींत आहे. त्या चेहऱ्याला असं इस्त्री केलेलं बघवत नाही.

चकतीवर किती ठिपके मावतात हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण ते ठिपके आणले कुठून, हा त्याहून मोठा. कॅमेऱ्यातली निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक पायरीवर बारकावा थोडा गळतो. त्यात थिएटरची प्रिंट जाणूनबुजून जास्त गडद-उजळ केलेली असते, कारण ती अंधाऱ्या सभागृहात झगझगीत दिव्यातून दिसायची असते. अशी प्रिंट व्हिडिओसाठी उतरवली की सावल्यांतलं सगळं बुडतं. त्या काळच्या रंगीत प्रिंटांचे रंगही टिकाऊ नव्हते. निळा-हिरवा आधी उडतो आणि बाकीचं चित्र गुलाबी-तांबूस पडत जातं. अशा प्रिंटवरून सर्वोत्तम यंत्राने चकती काढली, तरी त्या चकतीवर येईल ती उत्तम दर्जाची तांबूस प्रिंट.

याचा पुरावा बंगालने दिला. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेला आग लागली आणि सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’, ‘अपूर संसार’ यांच्या मूळ निगेटिव्ह त्यात होरपळल्या. पुढची वीसेक वर्षं जगाने हे तीन चित्रपट जे काही हाती होतं त्यावरून पाहिले. मग क्रायटेरियन या कंपनीने जळकी रिळं बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत नेली. कडक झालेल्या फिल्मला ओलावा देऊन मऊ करणं, फाटलेली भोकं हाताने नवी करणं, असं जवळजवळ हजार तासांचं काम झालं. ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या मूळ निगेटिव्हमधून मिळाला. ‘अपूर संसार’ची उरलेली रिळं कामाची नव्हती, तो दुसऱ्या प्रतींवरून उभा केला. २०१५ च्या अखेरीस त्यांच्या ब्लू-रे चकत्या आल्या आणि ज्यांनी या चित्रपटांच्या जुन्या कॅसेट पाहिल्या होत्या, त्यांना दुर्गा आणि अपू जणू पहिल्यांदा दिसले. ब्लू-रेच्या क्षमतेइतकंच ते त्या जळक्या रिळांमधल्या चांदीचं श्रेय आहे.

आपल्याला हे पुण्यात आणखी जवळून कळलं आहे. २००३ च्या जानेवारीत फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्मच्या भांडाराला आग लागली. प्रभातच्या चित्रपटांची मूळ सामग्री त्यात गेली. ते चित्रपट आजही बघता येतात, कारण नकला होत्या. पण यापुढे त्यांची कितीही मोठी आवृत्ती निघाली, तरी ती नकलेवरूनच निघणार.

‘शोले’ची निगेटिव्ह जळली नव्हती. ती मुंबईच्या एका गोदामात होती, इतर डब्यांमध्ये, नाव नसलेल्या डब्यात. २०२२ मध्ये सिप्पी फिल्म्सच्या शहजाद सिप्पींनी फिल्म हेरिटेज फाउंडेशनशी संपर्क साधला आणि डबे उघडायला सुरुवात झाली. मूळ कॅमेरा निगेटिव्ह आणि ध्वनीची निगेटिव्ह त्यात निघाली, पण कॅमेरा निगेटिव्हची अवस्था वाईट होती. अॅसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत सडते आणि तिला शिर्क्याचा उग्र वास सुटतो. ती आक्रसते आणि तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. एकदा सुरू झालेली ही सड थांबवता येत नाही, गारव्यात ठेवून मंदावता येते. मुंबईची हवा फिल्मसाठी किती वाईट, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्या निगेटिव्हवरून पूर्ण चित्रपट उतरवणं शक्य झालं नाही.

उपयोगी पडलं ते ब्रिटनच्या गोदामात राहिलेलं साहित्य. एक इंटरपॉझिटिव्ह लंडनची, एक मुंबईची, अशा दोन प्रतींवरून फोरकेमध्ये जीर्णोद्धार झाला, तोही बोलोन्याच्या त्याच प्रयोगशाळेत. ब्रिटनमधल्या डब्यांतच दोन कलर रिव्हर्सल इंटरमीजिएट सापडल्या. ही निगेटिव्हवरून एका पायरीत दुसरी निगेटिव्ह काढण्याची सत्तरच्या दशकातली पद्धत. एका पिढीची झीज वाचते, पण तिचे रंग कच्चे. त्यातल्या एका डब्यात मूळ शेवट होता आणि दुसऱ्यात गाळलेले दोन प्रसंग. ध्वनीच्या मूळ निगेटिव्हवरून आणि चुंबकीय पट्टीवरून आवाज दुरुस्त झाला.

चौकटीचा प्रश्न तेव्हाही होताच, कारण ७० मिमीची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. ज्या प्रिंटांमुळे ‘शोले’ची ख्याती झाली, त्यांतली एकही नाही. ताडून बघायला प्रिंट नसताना आडवी चौकट नेमकी कुठून कापायची? कमलाकर रावांनी सांगितलेल्या ग्राउंड ग्लासवरच्या खुणा इथे कामी आल्या. त्या चित्रीकरणात वापरलेला आरी टूसी कॅमेराही सापडला. पन्नास वर्षांपूर्वी काचेवर आखलेल्या खुणांनी २.२ बाय १ ची चौकट परत मिळवली. ठिपक्यांचे सगळे हिशेब एकीकडे आणि एका सहायकाची स्मृती एकीकडे. मला स्वतःला या सगळ्या कामात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

२७ जून २०२५ ला बोलोन्यात, पियाझ्झा माज्जोरे या चौकात उघड्यावर ‘शोले’ दाखवला गेला. २०४ मिनिटं, आडवी चौकट, मूळ शेवट. अहमदला गब्बर मारतो तो प्रसंगही त्यात आहे. प्रदर्शनाच्या वेळी विशीसुद्धा न गाठलेल्या पिळगावकरांचं ते काम तेव्हा थिएटरात कुणाला दिसलं नव्हतं.

पुढे या जीर्णोद्धारावरून ज्या कुठल्या रूपात ‘शोले’ घरात येईल, त्याची पारख कशी करावी याबद्दल माझ्या अपेक्षा स्पष्ट आहेत. सेकंदाला २४ चित्रं दाखवण्याची सोय आता घरातल्या यंत्रांतही आहे, तेव्हा चार टक्क्यांची घाई नको. कण राहू द्यावा. सत्तरच्या दशकात चित्रित झालेली फिल्म आजच्या कॅमेऱ्यासारखी गुळगुळीत दिसली, तर कुणीतरी तिला घासलं आहे असं खुशाल समजावं. गाळलेले प्रसंग आणि शेवट वेगळ्या प्रतीवरून आलेले आहेत. तिथे रंगात किंवा कणात किंचित फरक दिसला तर तो दोष मानू नये. इतक्या वर्षांत त्या तुकड्यांचा प्रवास निराळा झाला होता, तेवढाच त्याचा अर्थ. आणि हेही मनाशी धरून बघावं, की हे चित्र कॅमेरा निगेटिव्हचं नव्हे. तिच्या एक पायरी पुढचं आहे. कंदिलाच्या प्रसंगात त्या वीस संध्याकाळी फिल्मवर जेवढं उमटलं होतं, त्यातलं थोडंसं गोदामातच संपलं.

दिवेचा तर ‘शोले’नंतर थोड्याच वर्षांत गेले. मा. स. शिंदे २०१२ मध्ये मुंबईत वारले. तोवर घरात बसून ‘शोले’ बघणाऱ्याला त्यांचा शेवट आणि दिवेचांची चौकट एकत्र मिळत नव्हती. बोलोन्यात दोन्ही एका पडद्यावर आली, तेव्हा शिंद्यांना जाऊन तेरावं वर्ष चालू होतं.